आधी लीद, मग लगाम

पहाटे 4.00
मे महिना. ग्वाल्हेरला दुपारी पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, म्हणून पागेचा दिवस अंधारातच सुरू होतो. मुरारच्या पलीकडे, भिंड रस्त्यापासून थोडं आत. पत्र्याची शेड, तीन कडुनिंब, एक हौद, पाच घोडे. उस्ताद हातात विजेरी घेऊन प्रत्येक घोड्याच्या मागे फिरतात आणि रात्रीची लीद मोजतात. घोडा दिवसभरात आठ-दहा वेळा लीद टाकतो. रात्रीतून तीन-चार ढीग दिसले की ठीक. एकच दिसला तर काळजी. उस्ताद बुटाच्या टोकाने एक गोळा फोडतात. ओलसर आहे, पण चिकट नाही. पुढे जातात.

“घोड्याला ओकता येत नाही,” ते म्हणतात. “पोटात अडकलं की खाली जाईल तेवढंच. म्हणून सकाळी आधी हे बघायचं. तोंड नंतर.”

उस्ताद मूळचे लष्करचे. 1810च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली, तेच आजचं लष्कर. आजोबा ग्वाल्हेर लान्सर्समध्ये स्वार होते. संस्थानांची घोडदळं एकत्र करून 1953 साली 61वी कॅव्हलरी उभी राहिली, त्यात ग्वाल्हेरचे स्वारही गेले. उस्तादांनी त्याच रेजिमेंटमध्ये जयपूरला नोकरी केली आणि पेन्शन घेऊन परत आले. बोलणं मराठी, पण मध्येच हिंदीत शिरतात. घोड्यांशी मात्र फक्त हिंदीत बोलतात.

4.30
शिकाऊ मुलगी सायकलवर येते. नागपूरची. इथल्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेत शिकते. आल्या आल्या फावडं आणि टोपली उचलते. पाच ठाणांची लीद मागच्या खड्ड्यात टाकायची, ओला पेंढा उचलायचा, चुना भुरभुरायचा. मोतद्दार आहे, महिना 11,000 घेतो, तरी हे काम शिकाऊंनाच करावं लागतं. तिचे पहिले पंधरा दिवस असेच गेले.

“काका, कुम्मैत घोड्याने जाळीतलं संपवलं नाही,” ती सांगते.

हे कळावं म्हणूनच फावडं तिच्या हातात दिलेलं असतं. चारा क्रिकेटच्या जुन्या नेटमध्ये भरून टांगतात. भोकं लहान असल्याने घोड्याला एकेक घास ओढून काढावा लागतो आणि सात-आठ किलो चारा रात्रभर पुरतो. मोकळ्या रानात घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत असतो. त्याचं पोट लहान, आणि आम्ल सतत झिरपत राहतं. दोन वेळा तोबरा भरून चंदी दिली आणि मधे आठ तास उपाशी उभा केला, की तो लाकूड कुरतडायला लागतो. उस्तादांच्या फौजेत वेळापत्रक होतं. इथे त्यांनी ते मोडलं. आधी चारा, मग चंदी, आणि चंदीही थोडी: जई, कोंडा, मूठभर भिजवलेला हरभरा, चमचाभर मीठ.

5.00
खरारा. डावीकडून, खांद्यापासून सुरुवात. घोड्याला दोन्ही बाजूंचं जवळजवळ सगळं दिसतं, पण नाकासमोरचं आणि बरोबर शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून मागे जाताना हात पाठीवरून उठवायचा नाही आणि बोलत राहायचं. मुलगी बोलत राहते. परीक्षेचं काहीतरी सांगतेय.

मग खुरं. गुडघ्यामागून हात खाली सरकवला की घोडी पाय उचलून देते. आकड्याने माती काढायची, टाचेकडून टोकाकडे. तळाचा रबरासारखा त्रिकोण अंगठ्याने दाबून बघायचा आणि वास घ्यायचा. कुजका वास आला तर ठाण ओलं राहतंय.

5.30
उजाडलं. घोडीवर खोगीर नाही, रिकीब नाही. दोरीची मोहरकी आणि पाठीवर एक घोंगडी. उस्ताद मधे उभे, हातात लांब दोर, घोडी गोल फिरतेय.

“हात मांडीवर ठेव. आता डोळे मीट. कुठला पाय पडतोय ते सांग.”

“मागचा डावा.”

“मग?”

“पुढचा डावा. मग मागचा उजवा.”

कदमचालीत चार टापा वेगळ्या ऐकू येतात, दुडकीत दोन. हे अंगाला कळलं की लगाम कधी ओढायचा ते सांगावं लागत नाही. बहुतेक वेळा ओढावाच लागत नाही. दुडकी सुरू होते, मुलगी उसळते, आयाळ धरते. उस्ताद ओरडत नाहीत. “श्वास सोड,” एवढंच म्हणतात. ती श्वास सोडते आणि घोडी आपणहून हळू होते.

शेवटची दहा मिनिटं पाण्याची. हौदाचं वाहून गेलेलं पाणी एका उथळ चरात साचतं, आणि चराच्या तळाशी गोटे टाकलेत. नवा घोडा इथे हमखास बिचकतो, कारण खोली किती ते त्याला वरून कळत नाही. राणी लक्ष्मीबाईंचा नवा घोडा जून 1858मध्ये इथल्याच नाल्याशी अडला, असं ग्वाल्हेरमध्ये सांगतात. समाधी फूलबागेजवळ आहे. उस्ताद त्या गोष्टीकडे वीरकथा म्हणून बघत नाहीत. “घोडा नवीन होता,” ते म्हणतात. “त्याला पाणी कोणी दाखवलं नसेल.”

7.15
ऊन तापलं. घोड्यांवर बादल्या ओततात. मान, छाती, मांड्यांच्या आतून, पुन्हा पुन्हा. प्यायलाही लगेच देतात. मोतद्दाराला हे अजून पटत नाही. तापल्या घोड्याला पाणी देऊ नये, असं त्याच्या बापाने सांगितलंय. 1996च्या अटलांटा ऑलिंपिकला घोड्यांना उन्हाचा त्रास होईल म्हणून संशोधकांनी मोजमापं केली आणि गार पाणी ओतणं सुरक्षित ठरलं. उस्तादांना हे एका लष्करी पशुवैद्याने सांगितलं. त्याने सांगितलेलं उस्तादांनी करून पाहिलं, मग मानलं.

8.00
नालबंद मोटारसायकलवर येतो. मागे लाकडी पेटी. तिच्यात वाकडा चाकू, चिमटा, हातोडी, हातभर लांब कानस. कातड्याचं एप्रन बांधून तो घोड्याचा पाय दोन गुडघ्यांत धरतो आणि कमरेत वाकतो. एका पायाला दहा मिनिटं. पाच घोडे, वीस पाय. मधे दोनदा उठून कंबर सरळ करतो.

खूर महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतं. चालून झिजलं तेवढंच वाढलं तर नालबंदाची गरजच नाही. पण मऊ मातीत झिजत नाही, म्हणून पाच आठवड्यांनी कानस. चार घोड्यांना नाल नाही. त्यांच्यासाठी हौदाभोवती गोल गोटे पसरलेत, पाण्याला येताना-जाताना त्यावरूनच चालावं लागतं. ठाणाबाहेर असे गोटे पसरा, खूर घट्ट होतं, असं ग्रीक झेनोफननं सुमारे 2400 वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. उस्तादांनी त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं. मी सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे त्याच्याकडेही घोडे होते.”

नुसती कानस 350 रुपये. पाचवी, पांढरी घोडी, तिला पुढे दोन नाल आहेत. त्याचे वेगळे 400. नालबंद पैसे मोजत नाही, खिशात घालतो, चहा घेतो.

11.00
लू सुरू. घोडे कडुनिंबाखाली एक मागचा पाय ढिला सोडून उभ्या उभ्या डुलक्या घेतात. उस्ताद खाटेवर आडवे. चाऱ्याची ट्रॉली येते. गव्हाचा भुसा किलोला 8 रुपये. सोबत हिरवी ज्वारी आहे. पाण्याविना वाढलेली कोवळी ज्वारी विषारी असते, म्हणून उस्ताद उठून एकेक पेंढी उलगडतात. चार पेंढ्या परत करतात. गाडीवाला चिडतो.

संध्याकाळी 5.30
दुसरी तुकडी. शाळकरी मुलं, मोटारीतून. पालक मोबाइल काढून तयार. एका बापाला मुलाचा भरधाव घोड्यावरचा व्हिडिओ हवाय, आजच. उस्ताद मुलाच्या हातात टोपली देतात. बाप पुढच्या आठवड्यात येतो का बघू.

रात्री 8.00
पांढऱ्या घोडीला जरीची झूल. वरात दौलतगंजात आहे. भाड्याचे बहुतेक वरातवाले काटेरी लगाम घालतात, गर्दीत घोडी ताब्यात राहावी म्हणून. काटा जिभेत रुततो. उस्तादांचा लगाम गुळगुळीत, मधे एक सांधा. घोडीच्या कानात कापूस. अटी दोन: फटाके नाहीत, डीजेची गाडी घोडीच्या पुढे पन्नास पावलं. रात्रीचे 3,500. अटी ऐकून बरेच लोक दुसरीकडे जातात, तिथे 2,500त होतं.

त्या घोडीला न्यायलाच नको, असं मी म्हणालो. उस्ताद रागावले नाहीत. वही काढून दाखवली. चारा, चंदी, मोतद्दार, नालबंद, जागेचं भाडं, औषधं: महिना 44,000. नऊ शिकाऊंची फी प्रत्येकी 3,500, म्हणजे 31,500. उरलेले 12,500 पेन्शनमधून जातात, किंवा ही घोडी चार वराती करते.

11.30
घोडी परत. झूल काढली, कानातला कापूस काढला. उस्ताद तिच्या जबड्याखाली दोन बोटं लावून घड्याळाकडे बघतात. मिनिटाला 44 ठोके. शांत घोड्याचे अठ्ठावीस ते चव्वेचाळीस असतात. पाणी, जाळीत चारा. खोगिराखालची जागा हाताने चाचपतात, सूज नाही.

शिकायला यायचं असेल तर पहाटे साडेचारला या, पायात बंद बूट घालून. पहिले पंधरा दिवस घोड्यावर बसायला मिळणार नाही, आणि त्या पंधरा दिवसांचीही फी पूर्ण लागते.