गावाला जायला किती रात्री?

वार्षिक परीक्षा संपते आणि घरातले पाच वर्षांचे मूल रोज सकाळी विचारू लागते, "आज गावाला जायचं का?" "अजून बारा दिवस आहेत," असे आपण सांगतो. तासाभराने पुन्हा तोच प्रश्न! आपण वैतागतो. पण मूल हट्ट करत नसते. 'बारा दिवस' म्हणजे किती, हेच त्याला उमगलेले नसते.

असे का होते? बारा चिंचोके समोर मांडता येतात, बोट लावून मोजता येतात. बारा दिवस मात्र एकाच वेळी समोर कधीच नसतात. त्यात शब्दही घोळ घालतात. कालचा 'उद्या' झोपून उठल्यावर 'आज' होतो. आपला 'परवा' तर मागेही असतो आणि पुढेही: 'परवा आलो', 'परवा जाऊ'. काळाची जाण मुळातलीच असते की हळूहळू घडते, हा प्रश्न आइन्स्टाइन यांनी १९२८ साली ज्याँ पियाजे यांना विचारला होता. त्यातून पियाजे यांनी मुलांवर प्रयोग केले आणि १९४६ साली पुस्तक लिहिले. ही जाण घडत जाते, असे त्यांना आढळले.

मग दिवसांनाच वस्तू केले तर? ही युक्ती फार जुनी आहे. इराणचा सम्राट दरायस इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरीस डॅन्यूब नदीपलीकडे स्वारीवर गेला. पूल राखणाऱ्या ग्रीकांना त्याने साठ गाठी मारलेली चामड्याची वादी दिली. रोज एक गाठ सोडा आणि गाठी संपेपर्यंत मी परतलो नाही तर घरी जा, असे त्याने सांगितल्याचे हिरोडोटस लिहितो.

आपण कागदाची साखळी करू. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या १५ सेंमी लांब आणि अडीच सेंमी रुंद पट्ट्या कापा. एका पट्टीची टोके एकमेकांवर खळीने चिकटवून कडी करा. दुसरी पट्टी तिच्यातून ओवून चिकटवा. अशा बारा कड्यांची साखळी साधारण अर्धा मीटर भरते. 'बारा दिवस' आता भिंतीवर लोंबताना दिसतात! रविवारची कडी रंगवली की आठवडाही कळू लागतो.

मोजताना एक चूक हमखास होते. २३ एप्रिलला साखळी केली आणि ५ मेला निघायचे, तर कड्या किती? आजचा दिवस धरायचा की नाही, यावर मोठ्यांचाही गोंधळ उडतो. त्यावर उपाय म्हणजे दिवस न मोजता रात्री मोजायच्या. एप्रिलमधल्या आठ आणि मेमधल्या चार, मिळून बारा. झोपून उठले की एक कडी तोडायची. शेवटची तुटली की त्याच दिवशी निघायचे.

तोडलेली कडी टाकून देऊ नका. ती उघडून दुसऱ्या खिळ्यावर नवी साखळी जोडत जा. एक साखळी आखडते, दुसरी वाढते. पाच गेल्या, सात उरल्या, एकूण बाराच. बेरीज आणि वजाबाकी या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे येथे हाताला कळते. एका कडीला एकच अंक, अंकांचा क्रम ठरलेला, आणि शेवटी उच्चारलेला अंक म्हणजेच एकूण संख्या: रॉशेल गेलमन आणि गॅलिस्टेल यांनी १९७८ साली सांगितलेली मोजणीची ही तत्त्वे रोज घोटली जातात. मुलाला जितके मोजता येते त्याहून फार लांब साखळी मात्र करू नये.

दोन गोष्टी शिक्षकांनी ध्यानात ठेवाव्यात. वर्गातल्या प्रत्येक मुलाला सुटीत गाव नसते. म्हणून वर्गातली साखळी सहलीची, स्नेहसंमेलनाची किंवा पेरलेल्या मटकीला मोड येण्याची असावी. घरी मात्र कोणी मामाकडे जाण्याची करील, कोणी बाबा कामावरून परतण्याची.

दुसरे म्हणजे बेत कधी कधी पुढे ढकलला जातो. रजा मिळत नाही, कोणी आजारी पडते. अशा वेळी साखळी गुपचूप काढून ठेवू नये. मुलाला कारण सांगून त्याच्याच हाताने चार कड्या वाढवाव्यात. ते रडेल, पण वाट किती लांबली हे त्याला दिसेल. साखळी खोटे बोलत नाही, असा विश्वास एकदा बसला की ते पुढच्या वेळीही मोजायला बसेल.