दिल्लीचे रैनबसेरे

पौषात दिल्लीचा पारा तीन-चार अंशांपर्यंत उतरतो आणि यमुनाकाठचे धुके रस्त्यांवर पसरते, तेव्हा उड्डाणपुलांखाली, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर आणि रुग्णालयांच्या कुंपणालगत निजलेल्या माणसांच्या शोधार्थ एक सरकारी यंत्रणा रात्री बाहेर पडते. कोणा वाटसरूने दूरध्वनीवरून वर्दी द्यावी, किंवा निजलेल्या इसमाचे ठिकाण मोबाइलवरून कळवावे, नियंत्रण कक्षातून गाडी निघावी, आणि त्या इसमाला जागा असलेल्या जवळच्या रैनबसेऱ्यात, म्हणजे रात्रनिवाऱ्यात, पोहोचवावे, अशी तिची रीत आहे. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे बांधलेल्या धर्मशाळा मराठी वाचकाला परिचित आहेत. परंतु धर्मशाळेत यात्रेकरू आपल्या पायांनी येतो, रैनबसेऱ्याला मात्र आपला अतिथी काळोखात हुडकून आणावा लागतो, आणि माझ्या मते या संस्थेचे खरे कर्तृत्व व खरी कसोटी या हुडकण्यातच आहे.

ही व्यवस्था कोणाच्या मेहेरबानीने उभी राहिलेली नाही. 2009 च्या डिसेंबरात, ऐन थंडीत, पूसा मार्गावरील चौकातला एक तात्पुरता रात्रनिवारा महापालिकेने पाडला. त्यानंतर उघड्यावर मृत्यू घडल्याच्या बातम्या आल्या, उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली, आणि अन्नाच्या हक्कासाठी 2001 पासून सर्वोच्च न्यायालयात चालू असलेल्या दाव्यात न्यायालयानेच नेमलेल्या आयुक्तांनी 2010 च्या जानेवारीत हा प्रश्न त्या न्यायासनापुढे नेला. अन्नाच्या दाव्यात निवाऱ्याचा प्रश्न यावा, हे मला अत्यंत यथार्थ वाटते, कारण अर्धपोटी देहाला जी थंडी प्राणघातक ठरते, ती पोटभर जेवलेल्याला केवळ बोचते. दर लाख लोकवस्तीमागे किमान एक, बारमाही आणि चोवीस तास उघडा निवारा मोठ्या शहरांनी उभारावा, असे त्या वर्षी न्यायालयाने फर्माविले. दिल्लीत त्याच वर्षी कायद्याने शहरी निवारा मंडळ स्थापन झाले. पक्क्या इमारती, पत्र्याच्या तयार खोल्या आणि हिवाळ्यापुरते तंबू असे तिन्ही प्रकार दिल्लीत दिसतात. दैनंदिन कारभार बहुधा स्वयंसेवी संस्थांकडे सोपविलेला असतो. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने 2013 नंतर माणशी 50 चौरस फूट जागेचे मान मुक्रर केले.

2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत बेघरांची मोजणी झाली आणि देशभरात 17,73,040 माणसे भरली, त्यांपैकी 9,38,348 नगरांत. जो रात्री जागा बदलतो, किंवा पोलिसांच्या धाकाने आडोशाला लपतो, तो अशा गणतीतून सहज निसटतो.

आता मुख्य अडचण. गाडी येते, कार्यकर्ता वाकून हाक मारतो, आणि निजलेला माणूस पुष्कळदा नकार देतो. या नकाराला हट्ट किंवा अज्ञान समजणे हा मोठा अन्याय आहे. मुंबई राज्याने 1959 साली केलेला भिक्षाप्रतिबंधक कायदा पुढे दिल्लीलाही लागू झाला. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना भटकणाऱ्यालाही त्याने भिकारी ठरविले, त्याला वॉरंटाशिवाय पकडण्याची मुभा दिली, आणि एक ते तीन वर्षे डांबून ठेवण्याची तरतूद केली. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातील बहुतेक कलमे रद्द केली. तथापि रात्री येऊन थांबणारी सरकारी गाडी म्हणजे कैद, ही रस्त्यावरची पिढ्यांची शिकवण एका निकालाने कशी पुसली जावी? शिवाय हा माणूस बहुधा रिकामा नसतो. तो सदर बाजारात हातगाडी ओढतो, खारी बावलीत पोती वाहतो, लग्नसराईत आचाऱ्यांच्या हाताखाली मध्यरात्रीपर्यंत भांडी घासतो. निवाऱ्यात गेल्यास हातगाडी कोणाच्या भरवशावर ठेवावी? पुरुषांच्या निवाऱ्यात जाणाऱ्याने बायकोला आणि मुलीला कोठे सोडावे? जुन्या दिल्लीत रात्रीच्या बोलीने रजई आणि निजायची जागा भाड्याने देणारे ठेकेदार आहेत. शौनक सेन यांच्या ‘सिटीज ऑफ स्लीप’ या अनुबोधपटात निद्रेचा हा बाजार पाहावयास मिळतो. फुकट निवारा असताना पदरचे पैसे मोजून उघड्यावर निजणारा माणूस निवाऱ्यातील व्यवस्थेविषयी जे सांगत असतो, ते कारभाऱ्यांनी कान देऊन ऐकावे असे आहे.

म्हणून जेथे पेट्यांना कुलूप आहे, स्त्रियांना व कुटुंबांना वेगळी जागा आहे, शौचालय स्वच्छ आहे, आणि ओळखीचा कागद नसला तरी केवळ नाव लिहून घेऊन सतरंजी-कांबळे देणारा, अरेतुरे न करणारा रखवालदार दारात आहे, तेथे जाण्यास माणसे राजी होतात. मे महिन्याच्या उन्हात, जेव्हा वृत्तपत्रांना बेघरांचा विसर पडलेला असतो, तेव्हाही त्यांना सावलीची आणि पाण्याची तितकीच निकड असते. तंबू मात्र थंडीबरोबर उठतात.

2023 च्या फेब्रुवारीत सराय काले खाँ येथील बसस्थानकाजवळचा रैनबसेरा पाडण्यात आला. अशा वेळी दुसऱ्या निवाऱ्यात रिकाम्या खाटा दाखवून दफ्तरातील हिशेब जुळविता येतो. परंतु ज्याला पहाटे त्याच बसस्थानकावर ओझी उचलावयाची असतात, तो दूरच्या खाटेसाठी रोजगार सोडत नाही, आणि पुढच्या थंडीत गाडी घेऊन निघणाऱ्या कार्यकर्त्यांना त्याच पुलाखाली, त्याच माणसाची समजूत पुन्हा पहिल्यापासून घालावी लागते.