जुन्या डब्यात नवा खेळ

रायपुरात नवतपा लागला, पारा ४४-४५ अंशांवर गेला, की टेबलाखालचा जुना कॉम्प्युटर पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागतो. भंगारात काढण्याआधी त्याचं झाकण उघडा. हीटसिंकच्या पात्यांत धुळीची गोधडी सापडेल आणि खाली खडूसारखी वाळलेली थर्मल पेस्ट. ब्रश फिरवा, वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावा. खोलीच ४० अंशांवर असेल तर पंखा प्रोसेसरला त्याखाली आणू शकत नाही. म्हणून आपल्याकडे ही सफाई आधी, खरेदी नंतर.

२०१३ सालचा आय५-४५७० प्रोसेसर चार कोअरचा आहे, साध्या खेळांना पुरतो. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ऑफिसांतून निघालेले असे डबे स्वस्तात मिळतात ते त्यामुळेही.

खरा खर्च ग्राफिक्स कार्डाचा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. २०१९ चं जीटीएक्स १६५० तेवढ्यात भागवतं, पण त्याच्या काही मॉडेलांना वेगळी वायर लागते, घेताना बघा. रॅमची एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा सारख्या दोन बऱ्या, आणि हार्डडिस्कच्या जागी एसएसडी.

जुन्याचा मोह एकाच ठिकाणी आवरा: एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय. त्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. तो नवाच घ्या, पण ब्रँडेड डबा असेल तर आधी मदरबोर्डला जाणाऱ्या प्लगच्या पिना मोजा, नेहमीचा एसएमपीएस त्याला बसेलच असं नाही.