कल्याण–डोंबिवलीची लोकसंख्या

कल्याण–डोंबिवलीची लोकसंख्या : महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील एका नागरी क्षेत्राची लोकसंख्या, तिची वाढ व घडण. हे क्षेत्र मुंबईच्या ईशान्येस लोहमार्गाने सु. ४८ ते ५४ किमी. अंतरावर, उल्हास नदी व तिच्या खाडीच्या परिसरात वसले असून मध्य रेल्वेवरील डोंबिवली, ठाकुर्ली व कल्याण ही त्यातील प्रमुख स्थानके होत. २०११ च्या जनगणनेनुसार कल्याण–डोंबिवली महानगरपालिकेची लोकसंख्या १२,४७,३२७ होती. मेक्सिकोतील ट्लास्काला हे क्षेत्रफळाने सर्वांत लहान असलेले घटक राज्य सु. ४,००० चौ. किमी.चे असून २०१० मध्ये त्याची लोकसंख्या ११,६९,९३६ होती. म्हणजे त्या संपूर्ण राज्यात राहणाऱ्यांपेक्षा अधिक लोक येथे शंभर चौ. किमी.हूनही कमी जागेत राहत होते. ही वाढ मुख्यत्वे स्थानिक जन्मप्रमाणामुळे झालेली नसून मुंबईच्या विस्तारामुळे आणि स्थलांतरामुळे झालेली आहे. तसेच या क्षेत्राच्या प्रशासकीय सीमा वारंवार बदलल्यामुळे निरनिराळ्या जनगणनांतील आकडे जसेच्या तसे शेजारी मांडल्यास चुकीचे निष्कर्ष निघतात.

पार्श्वभूमी : कल्याण हे प्राचीन काळापासून प्रसिद्ध असलेले बंदर व बाजारपेठ होय. बोरीबंदर ते ठाणे हा भारतातील पहिला प्रवासी लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला व पुढील वर्षी तो कल्याणपर्यंत पोहोचला. कसारा व कर्जत या दोन्ही दिशांचे मार्ग येथून फुटत असल्याने कल्याणला जंक्शनचे महत्त्व आले. डोंबिवली व ठाकुर्ली ही मात्र दीर्घकाळ भातशेती, मीठागरे आणि मासेमारी यांवर जगणारी आगरी–कोळी वस्तीची गावे होती. मुंबईतील लोहमार्गाच्या विद्युतीकरणास १९२५ मध्ये आरंभ झाला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने ठाकुर्लीनजीक चोळे येथे औष्णिक वीजकेंद्र उभारले व ते १९२९ मध्ये कार्यान्वित झाले. या केंद्रामुळे व रेल्वेच्या कर्मचारी वसाहतींमुळे ठाकुर्लीस शेतीशी संबंध नसलेली पहिली मोठी वस्ती झाली. वीजकेंद्र १९८० च्या दशकात बंद झाले. वस्ती मात्र वाढतच राहिली, कारण तोपर्यंत तिचा आधार स्थानिक रोजगार नसून मुंबईकडे जाणारी उपनगरी गाडी हा झाला होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणनजीक उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आश्रय देण्यात आला. या वसाहतीस १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यानंतर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने (स्थापना १९६२) डोंबिवली व अंबरनाथ येथे औद्योगिक क्षेत्रे विकसित केली. अशा रीतीने लोहमार्ग, निर्वासितांचे पुनर्वसन आणि औद्योगिकीकरण या तीन कारणांनी या परिसराच्या नागरीकरणाचा पाया घातला गेला. १९७१ मध्ये कल्याणची लोकसंख्या सु. एक लाख व डोंबिवलीची त्याच्या निम्म्याच्या आसपास होती.

जिल्ह्याच्या लोकसंख्येची वाढ : ठाणे जिल्ह्याच्या जनगणनांतून या परिसरातील वाढीचा वेग स्पष्ट होतो. पालघर जिल्हा वेगळा होण्यापूर्वीच्या ९,५५८ चौ. किमी.च्या अविभक्त जिल्ह्याची लोकसंख्या व मागील दशकातील वाढ पुढीलप्रमाणे होती :

१९६१ : १६,५२,६७८
१९७१ : २२,८१,६६४ (३८.१ टक्के)
१९८१ : ३३,५१,५६२ (४६.९ टक्के)
१९९१ : ५२,४९,१२६ (५६.६ टक्के)
२००१ : ८१,३१,८४९ (५४.९ टक्के)
२०११ : १,१०,६०,१४८ (३६.० टक्के)

पन्नास वर्षांत लोकसंख्या जवळजवळ सातपट झाली आणि २०११ मध्ये ठाणे हा देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा करण्यात आला. २०११ च्या आकड्यांनुसार उर्वरित ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८०,७०,०३२ आणि पालघरची २९,९०,११६ येते. वाढीचा टक्का २००१ नंतर उतरला असला, तरी त्या दशकात भर पडलेल्या माणसांची संख्या (सु. २९.३ लाख) आधीच्या दशकातील भरीपेक्षा (सु. २८.८ लाख) किंचित अधिकच होती. टक्केवारीची घट म्हणजे वाढ थांबणे नव्हे, हे यावरून लक्षात यावे.

स्थलांतराचा वाटा : एखाद्या प्रदेशाची लोकसंख्या दोन मार्गांनी बदलते : जन्म व मृत्यू यांतील फरकाने होणारी नैसर्गिक वाढ आणि येणारे व जाणारे यांतील फरकाने होणारी वाढ. या दोहोंची विभागणी ढोबळमानाने करण्याची एक सोपी रीत म्हणजे तो प्रदेश राज्याच्या सरासरी वेगाने वाढला असता तर किती वाढला असता, हे काढून प्रत्यक्ष वाढीतून वजा करणे. १९९१–२००१ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या २२.७ टक्क्यांनी वाढली. त्या वेगाने ठाणे जिल्ह्यात सु. ११.९ लाखांची भर पडली असती. प्रत्यक्षात ती २८.८ लाखांची पडली. उरलेले सु. १७ लाख हा स्थलांतराचा स्थूल अंदाज होय. २००१–११ मध्ये राज्याचा वेग १६.० टक्के होता व याच रीतीने काढलेला अवशेष सु. १६.३ लाख येतो. राज्याच्या सरासरीतही परप्रांतांतून आलेल्यांचा अंतर्भाव असल्याने स्थलांतराचा खरा वाटा याहून काहीसा अधिक असण्याचा संभव आहे. कोणत्याही हिशेबाने वाढीचा निम्म्याहून मोठा भाग बाहेरून आलेल्यांचा आहे.

हे स्थलांतर दुहेरी स्वरूपाचे आहे. कोकण, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश व मराठवाडा येथून, तसेच उत्तर व दक्षिण भारतातून रोजगारासाठी येणारे लोक हा त्याचा एक प्रवाह. खुद्द मुंबईतून बाहेर पडणारी कुटुंबे हा दुसरा. गिरगाव, दादर, परळ येथील चाळींत एका खोलीत वाढलेल्या कुटुंबांना मुलांच्या लग्नानंतर जागा अपुरी पडू लागली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाड्याची नवी घरे बांधण्याचे प्रमाण घटले, तर मालकीची घरे मध्यमवर्गीयांच्या आवाक्याबाहेर गेली. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातील असंख्य कुटुंबांचा आधारही तुटला. अशा कुटुंबांना परवडणारे घर आणि थेट गाडी या दोन्ही गोष्टी डोंबिवली–कल्याण पट्ट्यात मिळाल्या. नोकरी मुंबईत व घर तेथे, ही व्यवस्था त्यातून रूढ झाली.

बदलत्या सीमा : कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ व बदलापूर ही नगरे आणि आसमंतातील अनेक खेडी एकत्र करून १ ऑक्टोबर १९८३ रोजी महानगरपालिका स्थापन करण्यात आली. १९९१ च्या जनगणनेत नोंदलेली तिची १०,१४,५५७ ही लोकसंख्या या विस्तृत क्षेत्राची आहे. पुढील वर्षी अंबरनाथ व बदलापूर वेगळी झाली. २००१ मध्ये लोकसंख्या ११,९३,५१२ भरली, तेव्हा कल्याण–शीळ मार्गाच्या परिसरातील २७ गावे महानगरपालिकेत होती. २००२ मध्ये ती वगळण्यात आली. त्यामुळे २०११ चा १२,४७,३२७ हा आकडा त्या गावांवाचूनचा आहे.

हे दोन आकडे शेजारी ठेवल्यास दशकातील वाढ अवघी साडेचार टक्के दिसते. ज्या काळात जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला त्या काळात त्याचे हे मध्यवर्ती नगर जवळजवळ स्थिर राहिले, असा समज त्यामुळे होतो. वस्तुतः मोजलेले क्षेत्रच लहान झाले होते. वगळलेल्या गावांत याच काळात इमारती उभ्या राहत होत्या. ज्या वस्तीची लोकसंख्या किमान ५,०००, घनता दर चौ. किमी.स किमान ४०० आणि पुरुष कामकऱ्यांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरील व्यवसायांत, ती वस्ती ग्रामपंचायतीखाली असली तरी जनगणनेत नागरी धरली जाते. अशा वस्तीस ‘जनगणना नगर’ म्हणतात. २७ गावांपैकी काही गावे २०११ मध्ये या वर्गात मोडली. म्हणजे तेथील रहिवासी जनगणनेच्या दृष्टीने नागरी आणि प्रशासनाच्या दृष्टीने ग्रामीण होते. बहुमजली इमारतींच्या पाण्याची, सांडपाण्याची व कचऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायतींच्या तुटपुंज्या साधनांवर पडली. २०१५ मध्ये ही गावे महानगरपालिकेत पुन्हा समाविष्ट झाली. २०२० मध्ये त्यांपैकी १८ गावे वगळण्याचा शासनाचा निर्णय न्यायालयीन वादाचा विषय झाला.

वाढीचे बाहेर सरकणे : २००१–११ या दशकातील मुंबई व तिच्या ईशान्य पट्ट्यातील आकडे एकत्र पाहिल्यास वाढ केंद्राकडून परिघाकडे सरकत असल्याचे दिसते. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर उतरली, म्हणजे ती ७.६ टक्क्यांनी घटली. मुंबई उपनगर जिल्हा ८.३ टक्क्यांनी, तर ठाणे महानगरपालिका सु. ४६ टक्क्यांनी वाढली. अगोदरच दाट वस्ती असलेल्या उल्हासनगरची वाढ ६.८ टक्क्यांवर थांबली. परंतु त्यापलीकडील अंबरनाथ २४.४ टक्क्यांनी आणि बदलापूर ९७,९४८ वरून १,७४,२२६ पर्यंत, म्हणजे सु. ७८ टक्क्यांनी वाढले. भरलेल्या नगरापुढील स्थानकाकडे वस्ती सरकते, असा हा क्रम आहे. जगातील इतर महानगरांतही तो आढळतो. मेक्सिको सिटी या राजधानीची लोकसंख्या १९९० ते २०१० या काळात सु. ८२ लाखांवरून केवळ ८९ लाखांपर्यंत गेली. त्याच काळात तिला लागून असलेल्या मेक्सिको राज्याची लोकसंख्या सु. ९८ लाखांवरून १ कोटी ५२ लाखांवर पोहोचली.

लोकसंख्येची घडण : लिंगगुणोत्तरावरून स्थलांतराचे स्वरूप कळते. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण मुंबई शहर जिल्ह्यात ८३२, मुंबई उपनगरात ८६०, अविभक्त ठाणे जिल्ह्यात ८८६ आणि राज्यात ९२९ होते. कल्याण–डोंबिवलीत ते सु. ९२० होते. एकटा पुरुष रोजगारासाठी येतो तेथे हे प्रमाण खाली जाते; येथे ते राज्याच्या सरासरीजवळ असणे हे कुटुंबासह स्थायिक होणाऱ्यांचे क्षेत्र असल्याचे लक्षण आहे. जन्मप्रमाणही घटत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील एकूण जननदर १९९२–९३ मध्ये दर स्त्रीमागे सु. २.९ होता, तो २०१९–२१ मध्ये १.७ वर आला. पिढी कायम राहण्यास लागणाऱ्या २.१ या पातळीखाली तो गेलेला आहे. राज्यातील ० ते ६ वयोगटाचे प्रमाणही २००१ मधील १४.१ टक्क्यांवरून २०११ मध्ये ११.९ टक्के झाले. १९७० व १९८० च्या दशकांत तरुण वयात डोंबिवली–ठाकुर्लीत घर घेतलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. उद्वाहक नसलेल्या तीन–चार मजली इमारतींत तिचे वास्तव्य असल्याने जुन्या भागांत शाळांइतकीच वृद्धांच्या आरोग्यसेवेची गरज निर्माण झाली आहे. नव्या वसाहतींत मात्र लहान मुलांची कुटुंबे अधिक आहेत.

दैनंदिन स्थलांतर : जनगणना माणसाला त्याच्या राहत्या घरी मोजते. त्यामुळे सकाळी मुंबई, ठाणे वा नवी मुंबईकडे जाणारे व रात्री परतणारे लाखो लोक कल्याण–डोंबिवलीच्या लोकसंख्येत गणले जातात. कराचे मोठे उत्पन्न देणारी कार्यालये व व्यापारी संकुले ज्या नगरांत आहेत तेथे हे लोक काम करतात; पाणी, रस्ते व शाळा यांचा भार मात्र ज्या नगरात ते राहतात त्याला उचलावा लागतो. पाण्यासाठी हा परिसर मुख्यत्वे उल्हास नदी व बारवी धरण यांवर अवलंबून आहे आणि तेच स्रोत वाढत्या शेजारी नगरांनाही पुरवावे लागतात.

जनगणनेतील खंड : १८८१ पासून दर दहा वर्षांनी अखंडपणे होत आलेली जनगणना २०२१ मध्ये कोविड–१९ च्या साथीमुळे होऊ शकली नाही. पुढील जनगणनेसाठी देशाच्या बहुतांश भागाकरिता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक २०२५ मध्ये जाहीर करण्यात आला. मंद वाढीच्या प्रदेशात या विलंबाने फारसा फरक पडत नाही. वेगाने वाढणाऱ्या नगरात पंधरा–सोळा वर्षांपूर्वीचा आकडा म्हणजे जवळजवळ दुसऱ्याच वस्तीचा आकडा असतो. प्रभागांची रचना, शिधावाटपाचे लक्ष्य, आरोग्यकेंद्रांची संख्या व पाणीपुरवठ्याचे प्रमाण ही सर्व लोकसंख्येच्या आकड्यांवर ठरतात. २०११ नंतर येथे आलेली कुटुंबे व २७ गावांतील नव्या इमारतींत राहणारे लोक त्या आकड्यांत नाहीत. म्हणूनच नवी जनगणना प्रसिद्ध झाल्यावर तिची तुलना महानगरपालिकेच्या जुन्या एकूण बेरजेशी न करता गाववार व प्रभागवार, समान क्षेत्राशी करणे आवश्यक आहे. अन्यथा २०११ मध्ये भासलेल्या स्थिरतेप्रमाणेच त्या वेळी सीमावाढीमुळे दिसणारी वाढही फसवी ठरेल.