मोटारीचें वार्धक्य आणि खारा वारा

मीरा-भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि मध्यें पूर्वापार मिठागरांची जमीन. येथील वाऱ्यांत मिठाचा अंश असतो. दीड-दोन लक्ष किलोमीटर धांवलेल्या मोटारीचा मालक इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून बसतो. परंतु अशा गांवीं गाडीचा खरा शत्रु तिच्या पोटाखालीं निमूटपणें काम करीत असतो. तो म्हणजे गंज.

लोखंड, पाणी व प्राणवायु एकत्र आले कीं गंज चढतो. खाऱ्या पाण्यांतून विद्युत् सहज वाहते, म्हणून तेथें ही क्रिया अधिक वेगानें होते. दारावरचा उडालेला रंग दृष्टीस पडतो; ब्रेकच्या तेलाची गंजलेली नळी मात्र दिसत नाहीं, आणि घोडबंदर रस्त्यावरील घाटाच्या उतारावर ती फुटली, तर उत्तम राखलेलें इंजिन काय कामाचें?

यास्तव गाडीचा तळ गोड्या पाण्यानें वरचेवर धुवावा, निचऱ्याचीं छिद्रें चिखलानें बुजूं देऊं नयेत, पावसाळ्यापूर्वीं गंजरोधक लेप द्यावा. इंजिनाचें तेल काजळीनें दूषित होतें. तें ठरल्या वेळीं बदलावें. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषतें. तें साधारणतः दर २ वर्षांनीं बदलावें.

खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते; पुढें तपासणीअंतीं ती ५ वर्षांसाठीं वाढवून मिळते. तपासणाऱ्याच्या आधीं मालकानेंच गाडीखालीं वांकून पाहिलेलें बरें.