मत्स्यशोधक निवडताना आधी खोली पाहा

छोट्या होडीतून मासेमारी करणाऱ्यांसाठी सहज नेता येणारे मत्स्यशोधक अर्थात 'फिशफाइंडर' आज बाजारात उपलब्ध आहेत. मात्र पडद्याच्या आकारापेक्षा आपण किती खोल पाण्यात जातो, याचा विचार खरेदीपूर्वी व्हायला हवा.

जपानमधील फुरुनो बंधूंनी १९४८मध्ये हे तंत्र मच्छीमारांच्या व्यवहारात आणले. यंत्राने सोडलेल्या ध्वनिलहरी तळावर वा माशांवर आदळून परततात. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असल्याने परतीच्या वेळेवरून खोली कळते.

२०० किलोहर्ट्झची लहर उथळ पाण्यातील बारकावे स्पष्ट दाखवते. ५० किलोहर्ट्झची लहर अधिक खोल पोहोचते. पण चित्र ढोबळ उमटते. खाडीसाठी पहिली पुरेशी ठरते. ध्वनिशंकूचा कोन २० अंश असल्यास १० मीटर खोलीवर जेमतेम साडेतीन मीटर रुंदीचा पट्टा टिपला जातो. त्यामुळे पडदा रिकामा म्हणजे पाणी रिकामे, असे समजू नये.

भर उन्हात वाचता येणारा पडदा आणि दिवसभर पुरणारी बॅटरी आवश्यक आहे. 'आयपीएक्स ७' दर्जाचे यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते. मोबाइलवर चित्र दाखवणारे यंत्र घेतल्यास फोनलाही तेवढेच जपावे लागते.

माशाची जात ओळखण्यासाठी मात्र अनुभवच हवा. शिवाय साधे यंत्र होडीखालची खोली सांगते, समोरचा खडक नव्हे. ओहोटीच्या वेळी हे विसरणे जिवावर बेतू शकते.