फोटो नको, फाइल मागा

ठाण्यातल्या कोपरीत काढलेला सीटी स्कॅन कळव्याच्या किंवा मुंबईच्या डॉक्टरांना दाखवायचा, तर आजही बरेच जण फिल्म खिडकीच्या काचेवर धरून मोबाइलने फोटो काढतात आणि व्हॉट्सअॅपवर पाठवतात. निदानाला लागणारी बरीचशी माहिती इथेच गळून जाते.

सीटीच्या एका कापात 512 गुणिले 512, म्हणजे अडीच लाखांहून अधिक ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला हौन्सफील्ड मापनपट्टीवरचा एक आकडा असतो. हवा उणे 1000, पाणी 0, मेंदू साधारण 30 ते 40, तर ताजं गोठलेलं रक्त 60 ते 80. इतके बारीक भेद डोळ्याला एका नजरेत टिपता येत नाहीत. म्हणून रेडिओलॉजिस्ट संगणकावर ‘विंडो’, म्हणजे पडद्यावर दिसणारा आकड्यांचा पट्टा, बदलत जातात आणि त्याच कापात कधी मेंदू पाहतात, तर कधी कवटीचं हाड. फिल्मवर ठरावीक विंडोच छापलेली असते. फोटोत तीही पुसट होते.

मूळ आकडे टिकतात ते डायकॉम फाइलमध्ये. पूर्वी एका कंपनीच्या यंत्रातली प्रतिमा दुसरीच्या संगणकावर उघडणं अवघड होतं. ही अडचण सोडवायला अमेरिकेतले रेडिओलॉजिस्ट आणि यंत्र उत्पादक 1983 मध्ये एकत्र आले. 1985 मध्ये पहिलं मानक निघालं आणि 1993 मध्ये त्याला डायकॉम हे रूप मिळालं. एक काप साधारण अर्ध्या एमबीचा, म्हणजे 500 कापांचा स्कॅन 250 एमबीच्या घरात जातो. रुग्णालयं हा साठा ‘पॅक्स’ नावाच्या सर्व्हरवर ठेवतात.

डायकॉम फाइलमध्ये प्रतिमेसोबत रुग्णाचं नाव, जन्मतारीख आणि तपासणीचा तपशीलही असतो. त्यामुळे सर्व्हर उघडा राहिला, तर सगळंच चव्हाट्यावर येतं. ग्रीनबोन या जर्मन कंपनीने असे उघडे सर्व्हर शोधले. त्यांची भारतातली आकडेवारी फेब्रुवारी 2020 मध्ये बातम्यांत आली, तेव्हा यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. राज्यातल्या 3 लाखांहून अधिक नोंदी आणि जवळपास 7 कोटी प्रतिमा पासवर्डशिवाय पाहता येत होत्या.

म्हणून स्कॅन सेंटरमधून निघताना फिल्म आणि रिपोर्टसोबत डायकॉम फाइलची सीडी, पेनड्राइव्ह किंवा लिंक मागून घ्या. लिंकला पासवर्ड आहे का, हे विचारा आणि ती नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. पुढच्या तपासणीच्या वेळी तुलनेसाठी हीच फाइल लागते, तेव्हा घरी एक प्रत जपून ठेवा.